काम शोधायचं काम

कारखान्यातलं तपासणी खातं बंद होणार हे कळलं तो मंगळवार होता. जेवणाच्या खोलीच्या दारावर नोटीस लागली होती. सगळे पुढे सरसावले, तो मागेच उभा राहिला. पुढच्यांपैकी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं. वजनकाटे आता बाहेरूनच तपासून येणार होते, इथे नुसते खोक्यांत भरायचे, आणि खात्यातल्यांनी आजच हिशेब घेऊन निघायचं. अठरा वर्षं त्याने त्या खात्यात काटे तपासले होते आणि त्याआधी तेरा वर्षं दुसऱ्या कारखान्यात.

"इतकी वर्षं आपण तोललं, आज आपल्याला तोललं," सव्वानऊ म्हणाला. "हलके भरलो."

सव्वानऊ शेजारच्या टेबलावर काम करायचा. रोज सव्वानऊला उगवायचा म्हणून हे नाव. खरं नाव पगारपत्रकापलीकडे कोणाला माहीत नव्हतं.

बारा वाजता तो घरी आला आणि न उघडलेला डबा ओट्यावर ठेवला. तो ठेवताना त्याला दुसरा डबा आठवला. अठरा वर्षांपूर्वी पहिला कारखाना बंद झाला तेव्हाही तो असाच भरल्या डब्यानिशी परतला होता. बायकोने त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, डबा उघडला, दोन ताटल्या घेतल्या आणि म्हणाली, "आज सुट्टी. उद्यापासून कामावर."

"कसलं काम? कारखाना बंद झाला, सांगतोय ना."

"काम शोधायचं काम. नऊ ते पाच. साहेब मी."

त्याला ती चेष्टा वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर टांगलेला दिसला. तिने त्याला दाढी करायला लावली, हातात डबा दिला आणि घराबाहेर काढलं. पाण्याच्या टाकीला वळसा घालून यायचं आणि बेल वाजवायची. त्याने वाजवली. तिने दार अर्धवट उघडलं. "कोण हवंय?"

"अगं, मी."

"मी नावाचं कोणी इथे नाही. काम काय?"

"काम शोधतोय."

"मग आत या. दोन मिनिटं उशीर झालाय."

इस्त्रीचं टेबल हे ऑफिस. त्याचा एक पाय आखूड होता. काटा डुगडुगत्या टेबलावर कधी तपासत नाहीत, काट्यावरच्या पातळी दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा मधोमध आल्याशिवाय हात लावत नाहीत. म्हणून त्याने पहिल्याच दिवशी त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. एक वाजेपर्यंत तीन अर्ज, चौथा नाही. "चौथ्या अर्जात तुमचं अक्षर रडायला लागतं," ती म्हणायची. जेवणानंतर तासभर काहीतरी नवीन वाचायचं, मग बाहेर जाऊन एका तरी माणसाला भेटायचं. पाचनंतर कामाचा एक शब्द काढायचा नाही. काढला तर त्या दिवशीची भांडी त्याने घासायची. पहिल्या महिन्यात त्याने इतकी भांडी घासली, की मुलगी शाळेत सांगून आली, बाबांना घरीच नोकरी लागली.

फोन आले की ती घ्यायची. घरात मोबाइल एकच होता आणि तो तिच्याजवळ असायचा. वहीत तारीख टाकून ती लिहून ठेवायची, 'आवाज घाईचा. माणसं टिकत नसणार.' किंवा, 'बाई नीट बोलल्या. जाच.' नीट बोललेल्या बाईंकडेच त्याला पाचव्या महिन्यात काम मिळालं. ज्या कारखान्यात नोटीस लागली, तो हाच.

बायकोला जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

बुधवारी सकाळी त्याने शर्टाला इस्त्री केली, डबा भरला, टाकीला वळसा घालून आला आणि बेल दाबली. किल्ली खिशात होती. तरी तो उभा राहिला. समोरच्या मावशींनी त्यांचं दार उघडलं.

"किल्ली विसरलात का?"

"नाही."

"मग?"

"बेल बघत होतो, वाजते का."

"वाजते की. आम्हाला ऐकू आली," मावशी म्हणाल्या आणि दार न लावता तो आत जाईपर्यंत थांबल्या.

बेल तेवढी त्याने सोडून दिली. बाकी सगळं तिच्या शिस्तीने चालू केलं. टेबल तेच होतं, पुठ्ठा नवीन. अर्जाला जोडायची, तिने टाइप केलेली त्याची माहिती मुलीने कॉम्प्युटरवर जपून ठेवली होती. त्यात त्याने 'तेरा वर्षं'चं 'एकतीस वर्षं' केलं आणि आताच्या कारखान्याची एक ओळ घातली. इतर एका शब्दालाही हात लावला नाही. वजनं चिमट्याने उचलायची असतात, बोट लागलं की बोटाचा घाम वजनात येतो. तिच्या ओळींशी तो तसाच वागला.

रोज तीन अर्ज जात होते. दोन महिने झाले तरी एक फोन नाही. मेल यायच्या त्या 'अर्ज मिळाला' एवढ्याच. मुलीच्या शहरात तिच्या घरी एक खोली रिकामी होती आणि ती दर रविवारी त्या खोलीचं नाव काढायची. त्यात तिचं काही चुकत नव्हतं. पण काम न मिळता तिथे गेलो, तर आपण निवृत्त होऊन नाही, नापास होऊन गेलो असं होईल, हे त्याच्या मनात पक्कं होतं. वर्ष संपेपर्यंत बघू, असं तो तिला म्हणाला होता. वर्ष संपायला तीन आठवडे होते.

त्या गुरुवारी माणसांना भेटायच्या वेळात त्याला चहाच्या दुकानात सव्वानऊ भेटला.

"काय हो, भाव खाताय?" सव्वानऊ म्हणाला. "औषध कंपनीच्या बाई तीन दिवस फोन करतायत, तुमचा आपला बंद."

"माझा फोन? हा बघ, चालू आहे."

"मला काय दाखवता, त्यांना दाखवा. मी गेलो होतो त्यांच्याकडे. मला विचारतात, ते एकतीस वर्षंवाले तुमच्यातलेच ना, त्यांना नोकरी नकोय का?"

"तुझं काय झालं?"

"नऊला बोलावलं होतं." सव्वानऊने चहा संपवला. "पुढचं तुम्हाला माहीत आहे."

तो चहा अर्धाच सोडून घरी आला आणि आपला कागद पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत वाचला. पत्त्याखाली फोन नंबर होता. तो बायकोचा होता.

इतके दिवस ते दिसलं नाही, कारण तो नंबर त्याला पाठ होता. तपासणीच्या खोलीत मोबाइल नेऊ देत नसत. त्यामुळे बँकेत, शाळेत, दवाखान्यात, कुठेही नंबर विचारला की त्याच्या तोंडून तिचाच यायचा. फोन तिच्या कपाटाच्या वरच्या खणात बंद पडून होता. नंबर मात्र मुलगी चालू ठेवत आली होती. का, ते ती बोलली नव्हती आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. पाचनंतर कामाचा शब्द काढायचा नाही. आपला फोन हातात धरून तो थोडा वेळ टेबलाशी बसला. मग त्याने मुलीला फोन लावला.

"माझा नंबर सांग."

"बाबा, तुमचा स्वतःचा?"

"मी कधी लावतो मला?"

त्याने तो लिहून घेतला आणि औषध कंपनीला फोन केला. बाई अजून ऑफिसात होत्या. त्याने चूक झाली तशी सांगितली, नंबर बायकोचा होता आणि ती नाही. बाई म्हणाल्या, "सोमवारी या. नऊला."

"पावणेनऊला येतो," तो म्हणाला.

फोन ठेवून त्याने भांडी घासली. एकट्या माणसाची भांडी ती किती? कपाटातली आणखी चार काढून त्याने तीही घासली.

सोमवारी बाईंनी त्याला एका काट्यासमोर बसवलं. वजनाला हात लावण्याआधी त्याने बुडबुडा बघितला आणि काट्याचा पुढचा पाय अर्धा आटा फिरवला. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"सध्या काय करता?" त्यांनी विचारलं.

"काम शोधायचं काम. नऊ ते पाच."

त्या हसल्या. आठ दिवसांत कळवतो म्हणाल्या.

त्याला आज पाच दिवस झाले. जुने अर्ज नवीन नंबर घालून तो परत पाठवतो आहे, रोज तीनच, आणि अजून बरेच जायचे आहेत. तिच्या फोनवर आणखी कोणाकोणाचे निरोप येऊन पडले असतील, ते बघायला हवं हे त्याला कळतं. चार्जर शोधून टेबलावर ठेवला आहे. फोन अजून खणातून काढलेला नाही.