निळ्या लोकरीची गाठ

"सर, आपल्या नव्या जलबागेत जलपर्णी कुणी टाकली?"

हा प्रश्न मी शुक्रवारी परिपाठात विचारला, आख्ख्या शाळेसमोर. माझ्या वर्गातल्या पुनम आणि पंचशीलानं पैजच लावली होती, नाही विचारलंस तर आठवडाभर आमची दप्तरं तू उचलायची. महिन्यापूर्वी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी पहिली आले आणि तेव्हापासून माझी मान जरा जास्तच ताठ झाली होती, हे मला कबूल आहे. त्याआधी हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही. आता मात्र माईक नसला तरी चालतो.

मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्याच वडलांनी, ऋतुजा. घरी विचार."

हसू मागच्या रांगेतून सुरू झालं आणि पुढपर्यंत आलं. पुनमसुद्धा हसली. पंचशीला तेवढी हसली नाही.

माझ्या पप्पांची, भागवतरावांची, हदगावच्या बाहेर नांदेड रस्त्याला नर्सरी आहे. शाळेच्या फाटकाजवळच्या जुन्या सिमेंटच्या टाकीची जलबाग करायचं काम त्यांनाच मिळालं होतं. सोमवारी नांदेडहून पाहुणे ती बघायला येणार होते. पण पप्पा आणि जलपर्णी? घरात माझी प्रयोगाची वही आहे, ती त्यांनी पानन् पान वाचलेली आहे.

प्रदर्शनात मी तेच तर मांडलं होतं. आमच्या गच्चीवर पाच टब, सारखं पाणी, सारखं ऊन, प्रत्येकात एक झाड. कमळानं ताटाएवढी पानं काढली, पण फूल एक नाही. त्याला भरपूर चिखल लागतो, दिवसभर ऊन लागतं आणि आपल्याला धीर लागतो. कुमुदिनी मात्र शहाणी. कुंडीत मूळ रोवून एका जागी बसते, सकाळी फूल उघडते, दुपारी मिटते. वेखंडाकडे कुणी बघत नाही, पण पान चुरगळलं की हाताला दिवसभर वास राहतो. पाणकणसानं तर मुळांनी टबच फुगवला.

आणि पाचव्या टबात जलपर्णी. नांदेडला गोदावरीच्या घाटावरून एकच रोप मी डब्यात घालून आणलं होतं. तिला माती लागत नाही, नुसती तरंगते. पंधरवड्यात एकाची सात झाली. मोजताना चुकू नये म्हणून मी प्रत्येक नव्या रोपाच्या देठाला निळ्या लोकरीची गाठ मारत गेले. चाळीस दिवसांनी टबात पाणी म्हणून दिसेना. मी माईकवर निष्कर्ष वाचला: जलबागेत कुमुदिनी लावा, काठाला वेखंड लावा, वेळ असेल तर कमळ लावा, जलपर्णी कधीच लावू नका. टाळ्या पडल्या. घरी येऊन पप्पांना सांगितलं, तो टब उन्हात उपडा करा. आणि मी विसरून गेले.

मधल्या सुट्टीत मी पळतच टाकीवर गेले. जांभळी फुलं उभी होती, खरं सांगते, दिसायला फार छान. बाही वर केली आणि हाताशी आलेलं रोप ओढलं. मुळांच्या काळ्या झुपक्यावर, देठाला, निळी लोकर.

दुसरं ओढलं. त्यालाही.

"काय सापडलं गं?" मोठे सर व्हरांड्यात चहाचा कप घेऊन उभे होते.

मी लोकर ओढून काढली आणि मूठ मिटली. "काही नाही, सर."

सकाळी आख्ख्या शाळेसमोर खणखणीत बोललेलं ते हेच तोंड.

सर आत गेले. मलप्पामामा, आमचे शिपाई, ब्रशनं टाकीचा काठ घासत होते. त्यांनी आपण होऊनच सांगितलं, की पाणी लई हिरवं दिसून राहिलंय, उद्या सकाळची शाळा सुटली की खालचा व्हॉल्व खोलायचा आणि टाकी धुवायची. पाणी कुठं जातं, मी विचारलं.

"नाल्यात. नाला गावच्या तळ्यात. आणखी कुठं जाणार हाय, बाई?"

व्हॉल्वच्या तोंडाला जाळी असेल ना, असं मी विचारलं, तर म्हणे ती गेल्या साली गंजून गळून पडली.

मी मागं वळले तर पंचशीला उभी. तिच्या घरची मासेमारी त्याच तळ्यावर चालते. तिच्या आत्याच्या गावचं तळं जलपर्णीनं झाकलं, तेव्हापासून तिथं जाळं पाण्यात बुडत नाही, नुसतं हिरव्यावर पडून राहतं. ती पैज तिनं गमतीनं लावली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

"मुठीत काय हाय?" तिनं विचारलं.

मी मूठ उघडली. तिनं लोकर ओळखली. प्रदर्शनात माझा टब उचलायला तीच तर होती.

"मग आता?" एवढंच म्हणाली.

उरलेले तास मी खिडकीतून टाकीकडे बघत काढले.

शाळा सुटल्यावर थेट नर्सरीत गेले. पप्पा पिशव्यांत माती भरत होते, आई रोपांना पाणी घालत होती. मी लोकर पप्पांसमोर पोत्यावर ठेवली. त्यांनी हात पुसले, पण लोकर उचलली नाही.

मग हळूहळू सांगितलं. कमळाचे कंद मागवले होते, वाटेत त्यांचे कोंब मोडले आणि सगळे कुजले. सरांचे फोनवर फोन, सोमवारी फुलं दिसायला पाहिजेत. आणि माझ्या पाचव्या टबात तेव्हा कळ्या लागलेल्या.

"मी तो टब उन्हात उपडा करा म्हणलं होतं," मी म्हणाले.

"जितं झाड उन्हात टाकून मारायला माझा हात होत न्हाई, बाळ. आन टाकी बंद हाय, जाऊन जाऊन कुठं जाईल, असं वाटलं."

"उद्या व्हॉल्व खोलून राहिलेत. पाणी तळ्यात जातंय."

तळ्याचं त्यांना खरंच माहीत नव्हतं, चेहऱ्यावरूनच कळलं.

आईनं झारी खाली ठेवली. ती हळू बोलली, पण सगळं बोलली. आज शाळेत पोरं हसली तेवढीच, पण पप्पा उद्या रोपं काढायला टोपली घेऊन टाकीवर गेले तर बाजारभर होईल, की भागवतनं शाळेला जलपर्णी लावली. मग आपल्याकडून गुलाबाचं रोप तरी कोण नेईल? त्यापेक्षा मलप्पाला सांगू, व्हॉल्वच्या तोंडाला पोतं बांध. बाहेर कुणाला कळायचं काम न्हाई.

पप्पा माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणावं, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. आणि मलाही हो म्हणायचं होतं. पण पोत्याच्या फटीतून एक रोप निसटलं तरी पुरे. एकाची सात कशी होतात, ते हदगावात माझ्याइतकं कुणी मोजलेलं नाही.

मी लोकर उचलून खिशात घातली.

"पप्पा, आई, मी ठरवलंय. उद्या परिपाठाच्या आधी मी मोठ्या सरांना ही लोकर दाखवणार. झाडं माझ्या टबातली आहेत, माझी वही वाचूनही पप्पांनी ती लावली, आणि आज सरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, हे तिन्ही सांगणार. सगळी रोपं निघेपर्यंत व्हॉल्व खोलू देणार नाही. टाकीत मी उतरणार. त्या जागी माझी कुमुदिनी जाईल. कळी एकच आहे, सोमवारी उघडली तर उघडली. पप्पा, तुम्ही आलात तर टोपली तुम्ही धरा. नाही आलात तरी मी जाणार आहे."