चारशे कबुतरं

शहराच्या कडेला, अनगोळमागच्या तळ्यावर त्रिशलाची पक्षी-मोजणी संपायला एक सकाळ उरली होती, आणि नेमके त्याच सकाळी तिचे वडील जिनदत्त आप्पा निपाणीहून टेम्पोत दोन पोती जोंधळे घेऊन आले.

तळ्याचं काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीची अट साधी होती. सात दिवसांच्या मोजणीतून निघणारा वैविध्याचा आकडा दोनच्या वर गेला तर तळं राहील, नाही तर बुजवून गाड्या लावायची जागा. सहा दिवसांत आकडा २.३ आला होता. तरी त्रिशला एका जागी उभी राहत नव्हती.

ती पलीकडच्या काठाला गेली तेवढ्यात आप्पांनी पोती रिकामी केली. खडेबाजारातल्या छपरांवरची कबुतरं उतरली. चारशे.

"लई पाखरं जमवली बघ. आता आकडा फुगतो का न्हाय?" आप्पा खूश. निपाणीला गच्चीवर कबुतरांना दाणे टाकल्याशिवाय ते चहा घेत नसत. पाखरं म्हटली की त्यांना दाणेच सुचायचे.

"फुगत न्हाय, बसतो," त्रिशला म्हणाली. "पंगतीत निम्मी पानं एकाच घरची असली तर त्याला गावजेवण म्हणतात व्हय, आप्पा? इथं जाती बघतात, आणि कुठल्या जातीचे किती, ते."

तिनं उभ्यानंच हिशेब केला. १.९. पुन्हा केला. १.९.

आप्पांनी टोपी काढली, घातली. "मग कबुतरं मोजणीत धरू नकोस. ती काय तळ्याची न्हाईत, माझ्या दाण्याची हायत."

"एवढी वर्षं दुकान चालवलंत, कधी माप मारलंत?"

"न्हाय."

"मग?"

अकराला कागद पाठवायचा होता. तिनं १.९ लिहिलं आणि शेऱ्यात घातलं: सातव्या दिवशी कोणीतरी दाणे टाकले, मोजणी पुन्हा व्हावी.

आप्पांनी चष्मा लावून वाचलं. "कोणीतरी कोण? नाव घाल माझं. गावासकट."

तिनं घातलं. संध्याकाळी समितीनं आणखी एक आठवडा दिला. दाणे टाकायचे नाहीत, आणि मोजणी पहिल्यापासून.

कबुतरांना मात्र जागा आवडली होती. रोज उजाडता निपाणीहून फोन.

"गेली का गं माझी?"

"काल दोनशे होती. आज एकशेवीस."

पलीकडे कपबशी सरकवल्याचा आवाज आला.

"ऱ्हाऊ दे मग चहा," आप्पा कुणाला तरी म्हणाले. "त्रिशला, तासाभरानं परत मोज."