दादा डावीकडे वळला

"हात वर! दोन्ही हात वर! आत्मा येतोय!" वळणबाबा भोंग्यातून ओरडले आणि रस्त्यावरच्या गर्दीनं श्वास रोखून धरला.

लेथच्या कारखान्याकडून ती जुनी, हिरवी, फुगीर गालांची मोटार माणसाच्या चालीनं येत होती. फाटकाच्या जरा अलीकडे ती थांबवून बाबांनी तिचं स्टिअरिंग सरळ धरून मंतरलेल्या दोऱ्यानं करकचून बांधलं. आत बसलेल्या मायक्रॉनमामांनी पाय तेवढे पेडलवर ठेवले होते, हात छताला टेकवले होते. गाडी पुन्हा सुटली आणि आपणहून डावीकडे वळून बाबांच्या उघड्या फाटकातून थेट आत शिरली.

"वळली! वळली!" एकच गलका झाला. एक बाई भोवळ येऊन पडली. शुद्धीवर आल्या आल्या ती म्हणाली, "माझं बघायचं राहिलं, परत आणा ना."

"भक्तांनो!" बाबांना चेव आला होता. "चाक रबराचं, इंजिन लोखंडाचं, मग ओढ कशाची? अहो, ह्या ब्रह्मांडाला पॉवर स्टिअरिंग कुणी बसवलं? सांगावं विज्ञानानं!"

विज्ञान गर्दीच्या कडेला दात-ओठ खात उभं होतं. म्हणजे दातांच्या डॉक्टरबाई. ही मोटार त्यांच्या थोरल्या भावाची, दादांची. दादा जाऊन वर्षही झालं नव्हतं. गाडीच्या स्टिअरिंगला चाकांशी जोडणारी दांडी गंजून मोडली, तिचा सुटा भाग आता जगात कुठे मिळेना, म्हणून वहिनींच्या धाकट्या भावानं स्वतःच्या लेथवर नवी दांडी बनवली. लांबी कमीजास्त करता येणारी, झोकात. मायक्रॉन म्हणजे केसाचा शंभरावा भाग; त्याहून मोठ्या मापात तो बोलतच नसे, म्हणून सगळे त्याला मायक्रॉनमामा म्हणत. नव्या दांडीनिशी गाडी पहिल्यांदा बाहेर पडली आणि बाबांच्या फाटकात शिरली. बाबा अंगणात दात घासत होते. तोंडातला फेस थुंकायच्या आत त्यांना साक्षात्कार झाला की दादांच्या आत्म्याला इथेच राहायचंय. आणि आज वहिनी गाडीची किल्ली बाबांच्या हातात देणार होत्या.

"वहिनी, अहो, दादाची एवढी एकच वस्तू उरलीय. ती ह्या भोंग्याच्या घशात घालणार?"

"वन्सं, मला का हौस आहे?" वहिनींना रडू फुटलं. "समोर, उजव्या हाताला स्वतःचं घर आहे. तिकडे ढुंकून बघत नाहीत. जिवंतपणी दिवेलागणीच्या आत घरी यायचे हो. मेल्यावर मी नकोशी झाले त्यांना."

डॉक्टरबाईंना असा काही संताप आला की त्या गर्दी कापत पुढेच गेल्या.

"बाबा, किल्ली घ्या खुशाल. पण एकदा गाडी त्या दुसऱ्या टोकाकडून येऊ द्या."

बाबांचा भोंगा खरखरला. "छे छे! ती दिशा अशुद्ध! गाडी कारखान्याकडूनच यायला हवी!"

"का? आत्म्याला इकडून तुमचं फाटक बिनचूक सापडतं आणि तिकडून आला की पत्ता विसरतो?"

लोक खो खो हसले. शिवाय फुकटात दुसरा खेळ कुणाला नको असतो? "होऊन जाऊ द्या!" म्हणत त्यांनीच गाडी पलीकडच्या टोकाला ढकलत नेली. मायक्रॉनमामा आत बसले खरे, पण त्यांचा चेहरा दाढ उपटायला आलेल्या माणसासारखा झाला होता.

घराच्या जरा अलीकडे तोच दोरा, तेच सरळ स्टिअरिंग, तेच वर केलेले हात. गाडी सुटली, बाबांच्या फाटकाला पाठ दाखवली आणि आपणहून डावीकडे वळून दादांच्या घराच्या अंगणात शिरली.

"अगं बाई! आले! घरी आले हे!" वहिनी धावतच सुटल्या. त्यांनी गाडीच्या बॉनेटला मिठी मारली. "वन्सं, बघितलंत? चुकले म्हणतायत! किल्ली नाही देणार आता मी!"

गर्दीनं टाळ्या वाजवल्या. बाबांचा चेहरा उतरला. गाडी वाचली होती. डॉक्टरबाई एक पाऊल मागे सरकल्या. गप्प बसलं तर काय बिघडतंय? वहिनी इतक्या हसल्या त्याला किती दिवस झाले होते. पण ही खूण खोटी होती, आणि खोट्यावर हसणाऱ्या वहिनींना उद्या कुणीही रडवू शकलं असतं.

"वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "उद्या आपल्याच बाजूला दुसरा बाबा राहायला आला, तर दादा त्याच्याकडे वळेल. चला मैदानावर."

मैदानावर ना फाटक होतं ना घर. दोरा बांधलेली गाडी सोडली तर ती डावीकडे वळली, वळत राहिली, आणि गोल गोल फिरू लागली. दोन फेऱ्यांपर्यंत लोकांनी हात जोडले. तिसरीला एक म्हातारा म्हणाला, "आत्म्याचं काहीतरी हरवलंय वाटतं." मग जो हशा पिकला तो थांबेना.

डॉक्टरबाईंनी पर्समधून दात तपासायचा छोटा आरसा काढला, पदर खोचला आणि त्या सरळ गाडीखाली आडव्या झाल्या.

"मायक्रॉनराव, ही मधली नळी फिरवली की दांडी लांब-आखूड होते ना? फिरवा."

मामांनी फिरवली. एका टोकाचा स्क्रू नळीत जेवढा शिरला, तेवढाच दुसऱ्या टोकाचा बाहेर आला. दांडी होती तेवढीच राहिली.

"एका टोकाला सुलटे आटे हवेत, एका टोकाला उलटे," मामा मातीकडे बघत म्हणाले. "तरच दोन्ही टोकं एकदम आत जातात, एकदम बाहेर येतात. मी दोन्हीकडे सुलटेच पाडले. बोलण्याच्या नादात. दांडी बोटभर आखूड पडलीय, ती वाढवताच येत नाही. स्टिअरिंग सरळ असलं तरी चाकं डावीकडेच राहतात."

"आणि हे कधी कळलं?" वहिनींनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. पण ताई, लोक गाडीच्या पाया पडायला लागले. मायक्रॉनमामाची बोटभर चूक, असं कसं सांगू? भाऊजींचा आत्मा म्हणणं सोपं गेलं."

"मेल्या!" वहिनी कडाडल्या. "रोज दुपारी गाडीत बसून मी ह्यांच्याशी बोलत होते. तुझ्या आट्यांशी बोलत होते की रे मी!" आणि बोलता बोलता त्यांना हसू आलं, रडूही आलं. डॉक्टरबाईंनी ग्रीस लागलेल्या हातांनीच त्यांना जवळ घेतलं.

बाबांनी भोंगा काखोटीला मारला. पण लोक त्यांना जाऊ देईनात. "बाबा, आटे कोणते ते ब्रह्मांडाला विचारून सांगा की!"

मामांनी तोंड मिटून नवी दांडी बनवली. एक टोक सुलटं, एक उलटं. नळी फिरवून लांबी जुळवली, ती हलू नये म्हणून चेकनट आवळले. मग वहिनी स्वतः गाडी चालवायला बसल्या, शेजारी डॉक्टरबाई. स्टिअरिंग सरळ, गाडी सरळ. डावीकडे बाबांचं फाटक आलं आणि उजवीकडे घर. गाडी कुणाकडेच वळेना.

"वन्सं," वहिनी घाबरून म्हणाल्या, "ही तर सरळच चाललीय. ह्यांना काहीच नाही का सांगायचं?"

"नाही, वहिनी. लोखंड आहे ते, लोखंडासारखंच वागणार. जे आपोआप घडतंय असं वाटतं, त्याच्याखाली एकदा आरसा घालून बघायचं. दादाची आठवण काढायला त्याला गाडीत कोंबायला नको. आणि घरी जायचं असेल तर..."

"तर काय?"

"तर वळवा की हो, हात आहेत ना!"

वहिनींनी डोळे पुसले आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.