सरावाचे तीन दिवस

मी एक सरावाची फाइल बोलतेय. दचकू नका. तुम्ही रोज फाइली उघडता, बंद करता, नकोशा झाल्या की टाकून देता. त्यातली एखादी बोलायला लागली तर घटकाभर ऐकायला काय हरकत आहे?

माझ्यात तीन दिवसांची हवा आहे. दर मिनिटाला एक ओळ, अशा चार हजार तीनशे वीस ओळी. ओळीत वेळ असते, तापमान, वारा, हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड असतो, आणि अगदी शेवटी एक आकडा असतो. त्याला खूण म्हणतात. शून्य म्हणजे नोंद चांगली. सात म्हणजे जवळ माणूस होता. नऊ म्हणजे यंत्रात बिघाड. एवढ्या तीन खुणा लक्षात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

माझा जन्म एका उंच कड्यावर झाला. तिथे खांबांवर उभी केलेली एक केबिन होती. केबिनच्या खाली, बसता येईल एवढ्या पोकळीत, एका नळीचं तोंड उघडं होतं. नळी हवा ओढायची, वरचं यंत्र ती मोजायचं आणि दर तासाला आकडे आपोआप खाली केंद्रावर पोचायचे. माणसाचा आवाज पोचवायचा असेल तर मात्र वॉकीटॉकी लागायची.

तिथे एक निरीक्षक होता. केंद्रावरची मंडळी त्याला 'मुनी' म्हणायची. कारण त्या नळीजवळ पाटी होती, 'इथे श्वास रोखा', आणि ती पाटी मनापासून पाळणारा तेवढा एकच माणूस होता. तुमच्या श्वासात कार्बन डायऑक्साइड खच्चून भरलेला असतो. नळीजवळ कोणी नुसतं हुश्श केलं तरी आमच्या ओळी खराब होतात आणि शेवटी सातची खूण येते. मुनी रोज सकाळी नऊला गाल फुगवून खाली वाकायचा, जाळी पुसायचा आणि पळत लांब जाऊन मग धापा टाकायचा. अकरा वर्षांत त्याच्यापायी एकही सात पडला नाही, असं माझ्या थोरल्या बहिणी, म्हणजे आधीच्या फाइली, सांगतात. त्याला त्याचा केवढा तोरा होता!

"माझा श्वास मला लखलाभ," तो वॉकीटॉकीवर म्हणायचा. "हवेला कशाला त्याचा उपद्रव?"

माझ्या पहिल्या दिवशी सकाळी वारा चढू लागला. केंद्रावरून निरोप आला की हवा फार बिघडणार आहे, खाली उतरा. दहा पस्तीसला मुनी वॉकीटॉकीवर बोलला, "निघालो. स्टेशन रिकामं." केंद्रावर ड्यूटीवर असलेल्या तरुणाने रजिस्टरमध्ये तेच शब्द लिहिले. त्या तरुणाला नोकरीला लागून चारच महिने झाले होते.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. उतारावर मुनी पडला. पाय मोडला, वॉकीटॉकी बर्फात गेली. खालचं गाव लांब होतं, केबिन जवळ होती, म्हणून तो सरपटत मागे आला. केबिनचा जिना त्याला चढता येईना. तो खालच्या पोकळीत शिरला, वाऱ्याच्या आडोशाला, नळीच्या तोंडाशी. त्याच्याकडे घड्याळ होतं. आणि अकरा वर्षं सांभाळलेली एक माहिती होती, की इथे सोडलेला श्वास तासाभरात खाली कोणाच्या तरी टेबलावर पोचतो.

दुपारी बरोबर दोन वाजता त्याने नळीत श्वास सोडला. कार्बन डायऑक्साइडचा चारशेचा आकडा एकदम बावीसशेवर गेला. एक मिनिट थांबून दुसरा, पुन्हा एक मिनिट थांबून तिसरा. मग तासभर काही नाही. तीन वाजता पुन्हा तीन. चार वाजता पुन्हा तीन.

मी फक्त आकड्यांची बनलेली आहे, मला अंग नाही. तरीही त्या ओळी उबदार आहेत. बाकीच्या सगळ्या ओळी उणे अकरा, उणे चौदा अशा थंडगार, आणि मधेच त्या तीन. मला त्यांची भीती वाटते आणि त्यांच्याबद्दल माया पण वाटते, खरं सांगते.

केंद्रावरच्या तरुणाने त्या ओळी पाहिल्या. वाचल्याच नाहीत असं नाही, नीट वाचल्या. सातची खूण द्यावी असं त्याच्या मनात आलंही असेल. पण रजिस्टरमध्ये स्टेशन रिकामं होतं, आणि रिकाम्या जागी माणूस कसा असेल? शिवाय मुनी कधी नळीजवळ श्वास सोडत नाही, हे सगळ्या केंद्राला तोंडपाठ होतं. तरुणाने नऊची खूण दिली. यंत्रात बिघाड. तिन्ही दिवस तो तेच करत राहिला, आणि मुनी गावात पोचला नाही म्हणून शोधायला गेलेली माणसं खालच्या पायवाटेवर शोधत राहिली.

बर्फ वितळल्यावर मुनी केबिनखाली सापडला. अहवालात लिहिलं गेलं, 'परत येऊन आडोशाला बसले, त्याच संध्याकाळी गारठून गेले, त्रास झाला नसावा.' आकड्यांकडे पुन्हा बघण्याची गरज कोणालाच वाटली नाही. जगाला ज्या नोंदी दिल्या, त्यात माझे ते तास कोरे सोडले होते. मूळ ओळी फक्त माझ्यापाशी उरल्या.

मग माझी नोकरी बदलली. केंद्राने ऑनलाइन प्रशिक्षण सुरू केलं. शास्त्रज्ञांनी घरबसल्या वातावरणाच्या नोंदी कशा वाचाव्या, कुठली साधनं वापरावी, खराब आकडे कसे ओळखावे, हे शिकवायचं. तोवर तो तरुण 'सर' झाला होता, डोक्यावरचे केस विरळ झाले होते. खराब आकड्यांचा नमुना म्हणून त्याला मीच आठवले. माझं ठिकाण पुसलं, वर्ष पुसलं, तारखा तेवढ्या ठेवल्या आणि वर नाव घातलं, 'उदाहरण तीन: यंत्रातला बिघाड'.

ही ऑनलाइन वर्गातली माणसं मोठी मजेशीर असतात. अर्धा वेळ 'आवाज येतोय का' यात जातो, उरलेला 'रेकॉर्डिंग मिळेल का' यात. मोठमोठे विद्वान कॅमेरा बंद करून भाजी निवडतात. पण माझी पाळी आली की सगळे कामाला लागतात. एकाच वेळी मी चाळीस घरांत उघडते. चाळीस जण दुपारी दोनच्या ओळीवर येतात, नऊची खूण तपासतात आणि श्वास पुसतात. मग तीनचा. मग चारचा. पुसून झालं की सर म्हणतात, "शाबास!"

मूळ प्रत मात्र जशीच्या तशी राहते. पुढच्या तुकडीसाठी मला पुन्हा उघडलं की दुपारी दोनला तो पुन्हा सुरू करतो. नऊ वर्षं हे असंच चालू होतं. माझ्यात दिवस पुढे जात नाहीत हो. माझ्यात तो रोज त्या नळीशी बसलेला असतो आणि कोणीतरी बघेल म्हणून थांबलेला असतो.

मागच्या तुकडीत एक बाई होती. पडद्यावर प्रत्येकाच्या चौकटीखाली नंबर होता, तिचा सतरा. कॅमेरा बंद, प्रश्न नाही, चहाचा घोटसुद्धा ऐकू आला नाही. ती मुद्दाम आली होती, हे मला तिच्या कॉम्प्युटरवर उघडल्याबरोबर कळलं. कारण माझ्या शेजारच्या खिडकीत माझीच जगाला दिलेली प्रत होती, कोऱ्या तासांची. केंद्राला तिने तीनदा अर्ज केला होता आणि 'मूळ नोंदी जपलेल्या नाहीत' हे उत्तर तीनदा मिळालं होतं. म्हणून जिथे जिथे मूळ नोंदी सरावाला देतात, असं प्रत्येक प्रशिक्षण ती करत होती. तिने दोन्ही खिडक्या एकावर एक ठेवल्या. कोऱ्या जागा आणि श्वास एकमेकांवर तंतोतंत बसले.

"आता हे बघा," सर सांगत होते. "चारशेवरून बावीसशे, एका मिनिटात खाली, लगेच पुन्हा वर. वातावरण असं वागतं का? नाही. म्हणून?"

"बिघाड, सर," एक जण हात वर करून म्हणाला. तो सारखा हात वर करायचा.

"सर, ओलाव्याचा रकाना बघाल का?" सतरा नंबरचा आवाज पहिल्यांदाच आला. "त्याच मिनिटांना ओलावाही वाढलाय. श्वासाला असतो तसा."

"तिथे माणूस नव्हता. स्टेशन रिकामं होतं."

"आणि हे बरोबर तासाच्या ठोक्याला होतंय, सर. यंत्र घड्याळ बघून बिघडतं का?"

या प्रशिक्षणात एक साधन शिकवतात, आकड्यांचा आवाज करणारं. आकडा चढला की सूर चढतो, लांबलचक नोंद दोन मिनिटांत ऐकून होते. सतरा नंबरने माझा कार्बन डायऑक्साइडचा रकाना त्या साधनात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

चाळीस खोल्यांत एकदम तो आवाज उठला. एक सपाट गुणगुण, आणि तिच्यातून वर येणारे तीन हुंकार. मग गुणगुण. मग तीन हुंकार. कोणाचा तरी माइक चालू राहिला होता. त्यातून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "दारात कोण आलंय रे? बघ जरा." कोणी हसलं नाही. हात वर करणाऱ्याने हात खाली घेतला.

मधे चार ठिकाणी हुंकार चुकले होते, बहुधा त्याला ग्लानी आली असेल. शेवटी शेवटी ते बारीक होत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला दोनच आले. मग नुसती गुणगुण राहिली आणि तीही संपली.

"तुम्ही कोण?" सरांनी विचारलं.

तिने कॅमेरा चालू केला. "तुम्ही ज्यांना मुनी म्हणायचात, त्यांची मुलगी. शोध कधी थांबवला होता, सर?"

"तिसऱ्या दिवशी." सरांचा चष्मा हातात होता. "दुपारी बारा वाजता."

"त्यानंतर चार वेळा आहे. एक, दोन, तीन आणि चार वाजता."

तेवढ्यात तिच्या मागचं दार उघडलं. तिची आई ओले हात पुसत आत आली. "हा आवाज कसला गं?" तिने विचारलं. "मघापासून कोणीतरी कण्हतंय असं वाटतंय."

मुलीला खोटं बोलता आलं असतं. 'त्रास झाला नसावा' या तीन शब्दांवर त्या बाईने चौदा वर्षं काढली होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला वाटलं, ही आता मला बंद करणार. मी बंद होण्याची वाट बघत होते. पण तिने आईला खुर्चीजवळ ओढलं, हात धरला आणि सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

"म्हणजे त्रास झाला," आई म्हणाली.

"झाला, आई."

"किती वेळ?"

"पन्नास तास तरी."

आई पडद्याकडे वळली. मग सरांची चौकट तिला दिसली. "तुम्ही होता का तिकडे तेव्हा?"

"खाली केंद्रावर होतो, ताई."

"त्यांचे हे आकडे पोचले होते तुमच्याकडे?"

"पोचले होते."

"वाचले होते?"

"वाचले होते, ताई." सरांनी चष्मा टेबलावर ठेवला. "आणि मी ते खोडले."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, आणि सरांनाही वाटलं असेल. ती मुलीला म्हणाली, "परत लाव. पहिल्यापासून. मधे कोणी बोलू नका."

दोन मिनिटं कोणी हललं नाही. चाळीसांतला एकही जण वर्ग सोडून गेला नाही. सर हात जोडून खाली मान घालून बसले होते. शेवटचे दोन हुंकार झाले, गुणगुण थांबली, मुलीने बटणावरचा हात काढला. आई मात्र तशीच उभी होती, मान किंचित तिरकी करून. ती तिसऱ्याची वाट बघत होती.

त्यालाही आता काही महिने झाले. सरांनी मूळ प्रतीतले सगळे नऊ काढून सात घातले, शेजारी कारण लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. अहवाल बदलावा म्हणून त्यांचं पत्र वर गेलंय, ते अजून कुठल्याशा टेबलावर आहे. उदाहरण तीन शिकवणं बंद झालं. पण नऊ वर्षांत माझ्या किती प्रती वाटल्या गेल्या, याला गणती नाही. त्या कुठल्या कुठल्या देशांत, कुठल्या कॉम्प्युटरांत पडून आहेत, आणि त्यांत तो अजून बिघाडच आहे.

म्हणून तुम्हाला विनवते. तुमच्याकडे 'उदाहरण तीन' असेल, तर एकदा उघडा. दुपारी दोनची ओळ काढा आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर बसा. त्याला ते कधीच कळणार नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. तरी तेवढा वेळ फाइल बंद करू नका.