वर्ना समोर उभी होती

बुटाच्या तळाशी काहीतरी चमकत होतं. टाचेच्या जरा पुढे, रबर झिजून गुळगुळीत झालं होतं तिथे, एका स्क्रूचं चपटं, नवंकोरं डोकं. लायल कुबिक ट्रेलरच्या उताराच्या कडेला बसला होता, उजवा पाय डाव्या गुडघ्यावर टाकून, आणि त्या डोक्याकडे पाहत होता. काल संध्याकाळी त्याने उताराची सैल झालेली पट्टी पुन्हा बसवली, तेव्हाचा हा स्क्रू. एक कुठेतरी गवतात पडला म्हणून त्याने डब्यातून दुसरा घेतला होता. म्हणजे सकाळपासून. सात वाजता बूट चढवले, आता दहा. तीन तास तो या अंगणात फिरला, दोनदा तळघरात जाऊन आला, शिडीवर चढून ट्रेलरचं छत तपासलं... स्क्रू इंचभराचा होता हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बुटाचा तळ अर्ध्या इंचाचा.

त्याने पकडीने स्क्रू ओढून काढला. टोक ओलं होतं. ते अंगठ्याने पुसून त्याने स्क्रू खिशात टाकला आणि वाट पाहिली – आता तरी दुखेल. दुखलं नाही. पाय तिथे होता, दिसत होता, पण त्याच्याकडून निरोप येणं बंद झालं होतं.

"लायल! झोपलास का तिथे?" त्याच्या बायकोचा, वर्नाचा आवाज ट्रेलरच्या आतून आला. "अंधार पडायच्या आत कॅन्सस ओलांडायचंय म्हणून कोण नाचत होतं पहाटेपासून?"

"बुटात खडा गेलाय."

"खडा आहे की डोंगर? वीस मिनिटं झाली!"

तो हसला, तिला ऐकू जाईल इतपत.

ट्रेलरची मागची अख्खी भिंत बिजागरीवर खाली सोडली होती, तोच उतार. आत मागच्या अर्ध्या भागात गाडी ठेवायची मोकळी जागा, पुढच्या अर्ध्यात शेगडी, बेसिन, पलंग, वर्नाने शिवलेले पिवळे पडदे. नऊ वर्षं दर नोव्हेंबरला ते असेच नेब्रास्काचा बर्फ मागे टाकून ॲरिझोनाला जायचे आणि एप्रिलमध्ये परतायचे. ट्राइक, त्याची तीनचाकी मोटरसायकल, अंगणात उताराकडे तोंड करून उभी होती – तेराशे पौंड वजन, पुढे एक चाक, मागे दोन. चार वर्षांपूर्वी गुडघा बदलल्यावर त्याने दोनचाकी विकून ही घेतली, आणि तेव्हा तो सगळ्यांना सांगत सुटला होता की हिचा फायदा म्हणजे पाय टेकावा लागत नाही. पाय टेकावा लागत नाही! किती मोठ्याने सांगत होतो मी.

सप्टेंबरमध्ये मधुमेहाच्या तपासणीला डॉक्टरने त्याला डोळे मिटायला सांगून तळपायाला प्लॅस्टिकचा एक बारीक तंतू लावून पाहिला होता. लागला की हो म्हणा, कुबिक. पहिल्या दोन वेळा काहीच कळलं नाही. मग त्याच्या लक्षात आलं की डॉक्टर पुढे वाकला की त्याचं स्टूल करकरतं – आणि तो करकर ऐकून हो म्हणू लागला. हो. हो. मध्ये एकदा मुद्दाम गप्प राहिला, खरं वाटावं म्हणून. डॉक्टर म्हणाला, बरं आहे, पण जाणीव गेली तर लगेच सांगा, मग गाडी चालवायची नाही; ट्राइक नाही, पिकअपही नाही. वर्ना कधीच ट्रेलर लावलेली पिकअप चालवत नसे. म्हणजे ॲरिझोना संपलं. म्हणजे तो आणि ती आणि खिडकीबाहेरचा बर्फ, मार्चपर्यंत. आणि मार्चनंतर काय?

"काय म्हाताऱ्या, बाळाला पाळण्यात घालायचं ना?" समोरच्या घरातला रेक्स कॉफीचा मग घेऊन आला होता. "तीन चाकं झाली. पुढच्या वर्षी चौथं लाव, वर छप्पर घाल. लोक त्याला मोटार म्हणतात."

"तुझी गाडी ढकलायला चौघं लागतात, तू बोलू नकोस."

"माझी विंच आणू का? बटण दाबलं की दोरी ओढत नेते आत. तू नुसता सिगारेट ओढत उभा राहा."

"आणू दे ना रे!" वर्ना आतून ओरडली. "दोन वर्षं सांगतेय मी!"

फक्त 'आण' म्हणायचं होतं. पायाबद्दल अवाक्षर काढावं लागलं नसतं. पण उद्या सकाळी धान्यकोठाराशेजारच्या टेबलाभोवती सहा म्हातारे कॉफी पीत बसतील, रेक्स खुर्ची ओढून म्हणेल, आपल्या लायलची गाडी काल दोरीने आत नेली बरं का... आणि तो तिथे नसेलच, शेकडो मैल लांब असेल, तरी त्याला त्या टेबलावरचं हसू आत्ताच ऐकू येत होतं.

"मेलेल्या गाड्या ओढतात विंचने," तो म्हणाला. "ही जिवंत आहे."

रेक्स दोन पावलं मागे सरला.

लायल ट्राइकवर बसला. किल्ली फिरवली, इंजिन धडधडलं, आणि सकाळपासून छातीत जी धास्तीची वळवळ चालली होती ती त्या धडधडीत मिसळून आणखी वाढली. उतार चढायला ॲक्सिलरेटरचा दणका द्यावा लागे, वर पोचल्यावर तेवढ्याच झटकन थांबावं लागे; आत आठ फूट जागा, मग पुढचं चाक अडकवायची लोखंडी घोडी, आणि तिच्यामागे दीड हातावर स्वयंपाकाचा ओटा. त्या दीड हातात वर्ना उभी राहायची. मागच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरत असे. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नसे, म्हणून ती हातांनी खुणा करी – थोडं डावीकडे, ये, ये, आणि शेवटी दोन्ही मुठी बंद. थांब. हाताचा ब्रेक फक्त पुढचं चाक धरतो, आणि दणक्याने आलेल्या तेराशे पौंडांपुढे ते चाक धरलेलंच घसरतं. तिन्ही चाकं धरतो तो पायाचा. उजव्या.

त्याने इंजिन मंद केलं. "वर्ना, आज तू बाहेर थांब. मागून बघ."

"मागून काय दिसणार, तुझी पाठ? ती रोजच बघते."

"रेक्स आहे ना, तो करेल खुणा."

"रेक्सला स्वतःचं गॅरेजचं दार सापडत नाही. नऊ वर्षं मी उभी राहतेय, कधी एक ओरखडा आला का? काय झालंय तुला आज?"

काय झालंय. प्रश्न समोर आला होता, तिनेच आणून ठेवला होता. ती ओट्याला पाठ लावून उभी, निळा स्वेटर, बाह्यांना पीठ – सकाळी वाटेसाठी कोलाचे, जॅम भरलेले गोड पाव, भाजले होते. पाय गेलाय, वर्ना. तीन शब्द. तो ते जुळवत होता – आधी रेक्सला घरी पाठवू, मग इंजिन बंद करू, मग... आणि तेवढ्यात तिने हात वर केले, तळवे त्याच्याकडे वळवले, ये म्हणून बोटं हलवली, आणि त्याच्या मनगटाने आपसूक दणका दिला.

चाक उतारावर चढलं. आकाश, मग छताची कडा, मग पिवळे पडदे. तिचा डावा हात – थोडं डावीकडे. तो वळला. मागची चाकं उंबरठ्यावरून धडकन आत आली. ये, ये. तिचं तोंड हसरं. मुठी. मुठी! त्याने क्लच ओढला, हाताचा ब्रेक आवळला, उजव्या पायाला सांगितलं, दाब – सगळं बळ मांडीतून खाली ढकललं, दाब, दाब – आणि ट्राइक सरकतच राहिली, रबराच्या सपाट जमिनीवरून, एक क्षण, आणखी एक क्षण, मग ठक् झालं आणि ती थांबली.

वर्नाच्या मुठी छातीशी होत्या. स्वेटर आणि हेडलाइट यांच्यात वीतभर अंतर.

"एका फटक्यात!" ती म्हणाली. त्याने इंजिन बंद केल्यावरच ते ऐकू आलं. "बघ. आणि म्हणे बाहेर थांब." तिने हेडलाइटवर थोपटलं, जसं घोड्याच्या कपाळावर थोपटावं, आणि बाजूच्या दाराने बाहेर गेली.

त्याने वाकून पाहिलं. बूट ब्रेकवर नव्हता. ब्रेकच्या शेजारी, पाय ठेवायच्या पट्टीवर होता, चांगला चार बोटं अलीकडे, आणि अजूनही जीव खाऊन दाबत होता. गाडी थांबवली होती घोडीने. तिचे पुढचे दोन बोल्ट लाकडातून अर्धे उपसून वर आले होते. तिसरा टिकला म्हणून.

बाहेर वर्ना रेक्सला सांगत होती, मी मुठी मिटल्या आणि हा खिळला जागेवर, पंचविशीतल्या पोराला जमणार नाही. रेक्स काहीतरी म्हणाला. दोघं हसले. ती हकीकत लायलने पूर्ण ऐकली, दुसऱ्या कुणाची असावी तशी, आणि त्याच्या ध्यानात आलं की तीत कुठे काय भर घालायची हेसुद्धा त्याला सुचतंय.

घोडी पुन्हा आवळायला पाना लागेल. पाना पिकअपमध्ये आहे. गाडी बांधायचे पट्टे चार, मागचे आधी.

हात स्थिर होते. श्वास सरळ. सकाळपासूनची ती वळवळ कुठेच नव्हती; छातीत इतकं शांत त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. हे त्याला कळलं तेव्हा तो हँडलवर हात ठेवून तसाच बसून राहिला, ट्रेलरच्या सावलीत, आणि ती वळवळ पुन्हा सुरू व्हावी म्हणून वाट पाहू लागला.