दोन पिशव्या आणि तांब्याभर कोकम

हसू नका, पण मी शेकायची पिशवी बोलतेय. तीच ती, लाल रबराची, तोंडाला काळं बूच. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. रत्नागिरीत औषधाच्या दुकानात मला चार महिने उलटी टांगली होती, तेवढं मात्र पक्कं आठवतं. तिथून हफीजानं मला जयगडला आणलं आणि माझ्या घशात कढत पाणी ओतायला लागली. सहा वर्षं झाली त्याला.

हफीजा पंचेचाळिशीची. नवरा अझीम जहाजावर. घरात मुलगी मनाल आणि सासू. सासूला सगळा मोहल्ला दादीच म्हणतो, हफीजासुद्धा. हफीजाचं दुखणं असं की ओटीपोटात सतत कळ आणि दर वीस मिनिटांनी धाव. जाऊन यावं तर चमचाभर लघवी आणि वाटीभर आग. मग घ्या मला पोटावर!

माणसांची एक गंमत सांगते. गुडघा दुखला की अख्खं गाव विचारायला येतं. लघवीचं दुखणं म्हटलं की सगळे कुजबुजतात. अहो, लघवीची ती पण पिशवीच, मी पण पिशवीच. मला दारात वाळत घालता, तिचं नाव घ्यायला लाजता!

"उन्हाळी लागलीय," एवढंच सगळे म्हणायचे. तपासणीत दर वेळी काही निघायचं नाही, आणि दर वेळी गोळ्या मात्र मिळायच्या. शेवटी रत्नागिरीच्या एका डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून बघितलं. म्हणाले, पिशवीचं आतलं अस्तर हुळहुळं झालंय. दर आठवड्याला एकदा, असं सहा वेळा बारीक नळीनं थेट पिशवीत औषध सोडू. आणि आजपासून आंबट बंद.

नळी बघून हफीजाचा चेहरा पडला. तुळसा सिस्टर म्हणाली, "अगो, बाळंतपण सोसलंस ना? मग ह्या सुतळीला काय भितेस? लांब श्वास घे." आधी पिशवी रिकामी करायची, मग औषध आत, मग तासभर दाबून धरायचं. आत औषध, वर मी. मला तर बढती मिळाल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात मनालचं लग्न ठरलं. निकाह केळशीला, मुलाच्या गावी. जयगडहून जायचं तर दोन फेरीबोटी आणि मधे लांबलचक रस्ता. हफीजा म्हणाली, "तुम्ही सगळे जा. मी घरूनच दुआ करीन."

मनाल उसळली. "अम्मी नसेल तर मला नको तो निकाह!" मायलेकी दोघी रडल्या. मी मधे चेपले गेले.

चार वेळा औषध झालं. एक दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. डॉक्टरांनी विचारलं, "आंबट खाता का?"

"चिंच नाही, लिंबू नाही. कैरीकडे बघतसुद्धा नाही," हफीजा म्हणाली. आणि बाई खोटं बोलत नव्हती!

पण मला ठाऊक होतं. रोज दोनदा दादी तांब्याभर कोकम सरबत घेऊन यायची. "पी गो, आग शमेल." हफीजा प्यायची, आणि थोड्या वेळानं माझ्याखाली ती बिचारी पिशवी नुसती तडफडायची. अस्सा राग यायचा मला! पण करणार काय? माझ्या तोंडाला बूच.

"आता बस झालं, पाचवं नको," हफीजा म्हणाली. दादीनं तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं, आणि सोबत थर्मासभर सरबत. रिकाम्या हातानं जायची आपल्याकडे रीत नाही. औषध आत गेलं, मी पोटावर बसले, आणि दादीनं सगळ्यांना ग्लास भरले.

सिस्टर पहिल्या घोटाला म्हणाली, "वा! घरच्या रातांब्यांचं?" दुसऱ्याला डोळे मिटले. तिसऱ्याला डोळे खाडकन उघडले.

"दादी, हे हिला रोज देता?"

"दोनदा. थंड असतं."

"अहो, हे आंबट आहे!"

"कोकम?" दादी भडकली. "कोकम कुठे आंबट असतं? कोकम थंड!"

सिस्टरनं डॉक्टरांकडे बघितलं. त्यांचा ग्लास निम्मा झाला होता. त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

"आंबट बंद म्हणालो होतो मी..."

"आंबट म्हणालात. कोकम कुठे म्हणालात?"

"खरंय," डॉक्टर म्हणाले. "रत्नागिरीत दवाखाना टाकला आणि कोकमाचं नाव घ्यायला विसरलो. सगळ्यांनाच ते बाधतं असं नाही. ह्यांना बाधत असेल. बंद करून बघू."

घरी आल्यावर दादी रडायला लागली. "सहा वर्षं मीच गो तुला जाळलं."

हफीजानं तिचा हात धरला. "दुखणं तुम्ही नाही दिलं, दादी. आणि खरं सांगू? मला कोकम कधी आवडलंच नाही. तुमचं मन मोडवेना, म्हणून प्यायचे."

दादीचं रडं जागच्या जागी थांबलं. "मग सहा वर्षं तोंड कुठे गेलं होतं तुझं?"

म्हणजे बूच फक्त मलाच नव्हतं तर!

सहावं औषध झालं. दुखणं पळून गेलं नाही, थापा मारणार नाही मी. पण वीस मिनिटांचे हळूहळू दोन तास झाले. अधूनमधून अजून नळी घ्यावी लागते. आता हफीजा सिस्टरशी गप्पा मारत घेते.

केळशीला मीही गेले, हफीजाच्या बॅगेत, साडीच्या घडीखाली. निकाहाला ती उठून धावायच्या तयारीनं दाराजवळ नाही, पुढे बसली. दादी मधेच वाकून म्हणाली, "गरम पाणी आणू?"

"बसा हो, दादी. पोरीचं 'कबूल' ऐकू द्या."

ऐकलं तिनं, स्वतःच्या कानांनी. मुलाकडच्यांनी कोकम सरबत फिरवलं तेव्हा दादी आडवी उभी राहिली. "हिला पाणी द्या."

मी कोरडी गेले, कोरडी आले. इतकी मी कधीच सुखावले नव्हते.

हल्ली मी दादीच्या गुडघ्यावर असते. गुडघा म्हटल्यावर मोहल्ला विचारायला येणारच. दादी त्यांना बसवते, आणि गुडघ्याचं राहू देऊन सुनेच्या लघवीच्या पिशवीची हकिगत सांगते. पहिल्यापासून, आणि चांगली मोठ्या आवाजात.