निखळ मिनिटं

माझं काम ऐकण्याचं होतं. प्रसारण नियमन कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या एका खोलीत, कानाला हेडफोन लावून आणि हातात स्टॉपवॉच घेऊन मी एकवीस वर्षं काढली. लोकांत मिसळायचं नसलेल्या माणसाला याहून बरी नोकरी मिळाली नसती.

प्रत्येक खाजगी रेडिओ स्टेशनच्या परवान्यात ते कुठल्या प्रकारची गाणी वाजवणार हे लिहिलेलं असे. मालकाला प्रकार बदलायचा असला तर त्याने अर्ज करायचा, श्रोत्यांनी हरकती पाठवायच्या, आणि आम्ही एक आठवडा मोजून पाहायचं की परवान्यात लिहिलेलं संगीत खरोखर वाजतं आहे की नाही. वाजत असेल, तर ते घालवायला मालकाला सबळ कारण द्यावं लागे. मोजणीचा आठवडा गुप्त असे. स्टेशनला कळला तर ते तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागणार, हे उघड होतं.

त्या वर्षी जुन्या, संथ गाण्यांचं एक स्टेशन नव्या मालकाने घेतलं आणि दोन महिन्यांत अर्ज टाकला. त्याला धडधड वाजणारी नवी गाणी हवी होती. त्या स्टेशनवर दुपारी दोन ते चार माझा थोरला भाऊ बोलत असे. श्रोते त्याला ‘दुपारवाले दादा’ म्हणत. घरी तो नुसता दादा. नवी गाणी आली की दादाला घरी बसावं लागणार, हे मालकाने त्याला तोंडावर सांगितलं होतं. तुमचा आवाज छान आहे, म्हणाला, पण तो ऐकून माणसाला झोप येते.

मोजणीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी फॉर्म भरला. स्टेशनच्या मालकीत आपल्या कुणा नातलगाचा हिस्सा आहे काय, असा प्रश्न होता. नाही, असं मी लिहिलं. भाऊ तिथे नोकरीला आहे काय, असं कुणी विचारलं नव्हतं. आमच्या मोठ्या साहेबांना सगळे कात्रीसाहेब म्हणत. त्यांनी मला आठवड्याचा लखोटा दिला आणि सांगितलं, “तीन तारखेपासून नऊपर्यंत. रोज बारा ते सहा. सही कर आणि विसरून जा.”

दादा आणि वहिनी यांच्याच घरी मी राहत असे. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. मला दादानेच वाढवलं. तो मला ‘पंडित’ म्हणायचा, कारण मी जेवतानाही पुस्तक वाचायचो. त्याच्या समोर मला कधी पूर्ण वाक्य बोलता आलं असेल तर आठवत नाही. आवाज त्याच्या वाट्याला गेला होता, कान माझ्या.

मोजणीचा नियम साधा होता. रोजच्या सहा तासांत, दर शंभर मिनिटांतली साठ मिनिटं जुनं, संथ गाणं निखळ वाजलं पाहिजे. निखळ म्हणजे वर कुणी बोलता कामा नये. निवेदकाचा शब्द आला की घड्याळ बंद, तो थांबला की पुन्हा चालू. या बाबतीत दादाची मला काळजी नव्हती. तीस वर्षांत तो गाण्यावर बोलला नव्हता. गाण्यावर बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, असं तो नव्या निवेदकांना सुनवायचा.

तीन तारखेला दोन वाजून सहा मिनिटांनी, एका गाण्याच्या मधल्या वाद्यांवर, माझ्या कानात दादाचा आवाज आला. मंडळी, ही गाणी आता बंद होणार आहेत; तुम्हाला ती हवी असतील तर या पत्त्यावर हरकत पाठवा. मग तो आमच्या कार्यालयाचा पत्ता सावकाश, दोनदा सांगत राहिला. मी घड्याळ थांबवलं. बेचाळीस सेकंद गेले.

त्या दुपारी तो आठ वेळा बोलला. सगळी मिळून सहा मिनिटं.

संध्याकाळी घरी तो खुशीत होता. मालक बोलायला तासाला तीनच मिनिटं देतो, तीही जाहिरातींतच संपतात, त्याने वहिनीला सांगितलं. म्हणून त्याने युक्ती काढली होती, वाद्यांच्या जागा वापरायच्या. मालकाला कळतही नाही, तो कुठे ऐकतोय. वहिनीने स्वतःची हरकत दुपारीच टाकली होती. चार पानं, पाठपोट.

“पंडित,” ती मला म्हणाली, “माझं पत्र आलं की सांग हो.”

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बोलला. त्या रात्री जेवताना मी धीर केला आणि म्हणालो, दादा, गाण्यावर बोलू नकोस.

तो हसला. “आता तू मला शिकव. मी नाही बोललो तर कोण बोलेल, तू?”

वहिनीही हसली. मी मान खाली घालून जेवलो. एक वाक्य पुरलं असतं. सही केली होती, नोकरी गेली असती, हे खरं आहे, आणि पुढे पुष्कळ वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत आलो. पण त्या टेबलाशी चाळीस वर्षांत पहिल्यांदाच दादाला ठाऊक नसलेलं काही मला ठाऊक होतं. ते तोंडात धरून ठेवायला मला बरं वाटलं. हे लिहायला मला इतका वेळ लागायला नको होता.

उरलेले पाच दिवस मी गप्प बसलो आणि तो बोलत राहिला.

पत्रं आली. आधी टोपलीत मावत होती, मग पोत्यांत भरावी लागली. साडेतीन हजारांच्या वर. कात्रीसाहेबांच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून त्यांनी एक पोतं दाराला लावून ठेवलं. शिवणीच्या फटीतून, वरच्या बाजूला मला वहिनीचं अक्षर दिसलं. घरी मी सांगितलं, आलं. वाचलं का, तिने विचारलं. मी हो म्हणालो. पोत्याचं तोंड शिवलेलंच होतं.

सुनावणीला मालक, त्याचा वकील, आणि श्रोत्यांच्या वतीने बोलायला दादा असे तिघे आले होते. दादाने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि बोलण्याचे मुद्दे एका कागदावर लिहून आणले होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी मला पाहून त्याने डोळ्यांनीच ओळख दिली. मी ऐकण्याच्या खात्यात आहे, एवढंच त्याला माहीत होतं. घरचं माणूस आत बसलंय म्हणून तो थोडा सैलावलेला दिसला.

कात्रीसाहेबांनी मला आकडे वाचायला सांगितले. मी उभा राहिलो. एकूण मिनिटं दोन हजार पाचशे वीस. निखळ गाणं पंधराशे बारा मिनिटं असायला हवं होतं. भरलं चौदाशे त्र्याऐंशी. एकोणतीस मिनिटं कमी.

“म्हणजे परवान्यातलं संगीत या स्टेशनवर आत्ताच नाही,” साहेब म्हणाले. “असलेली गोष्ट जाणार असेल तर हरकत घेता येते. नसलेली कशी जाणार? पत्रं विचारात घेण्याचा प्रश्नच उरत नाही.”

दादाने कागद खाली ठेवला. कमी कशी भरली, त्याने विचारलं. गाणी तर तीच आहेत, तेवढीच आहेत.

साहेब याचीच वाट बघत होते. त्यांनी टेप लावली. खोलीत वाद्यं वाजू लागली आणि त्यांवर दादाचा आवाज आला, मंडळी, ही गाणी आता बंद होणार आहेत. साहेबांनी तो थांबवला, मागे घेतला, पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मालकाचा वकील तोंडावर रुमाल धरून हसत होता.

“अशी बेचाळीस मिनिटं आहेत,” साहेब म्हणाले. “तुम्ही तोंड मिटून बसला असतात तर तेरा मिनिटांनी जिंकला असतात. आवाज छान आहे तुमचा.”

दादा हसला नाही, चिडलाही नाही. त्याने विचारलं, “मोजणी कुठल्या आठवड्यातली?”

साहेबांनी माझ्याकडे हात केला. मी सांगितलं, तीन तारखेपासून नऊपर्यंत.

“आणि मोजली कोणी?”

“मी,” मी म्हणालो.

“आठवडा तुला आधी ठाऊक होता?”

साहेबच म्हणाले, “त्याला नाही तर कुणाला असणार? लखोटा मी स्वतः दिला. फार काटेकोर माणूस आहे. एक सेकंद इकडचा तिकडे करणार नाही.”

दादाने मुद्द्यांचा कागद घडी करून खिशात घातला. त्याला आणखी काही बोलायचं आहे का, असं साहेबांनी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. पंधरा मिनिटांत अर्ज मंजूर झाला. कागदावर साक्षीदार म्हणून सही माझी.

पत्रांची पोती रद्दीत गेली. दाराला लावलेलं तेवढं साहेबांनी ठेवून घेतलं.

घरी दादाने वहिनीला सगळं सांगितलं असणार, कारण त्या दिवसापासून ती माझं ताट वाढून झाकून ठेवी आणि आत निघून जाई. घर सोडून जा, असं दोघांपैकी कुणी म्हटलं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं. मीही गेलो नाही. कुठे जायचं ते मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायला दादाशिवाय कुणी नव्हतं.

महिन्याने नवी गाणी सुरू झाली. त्यानंतरच्या पहिल्या सुट्टीला, दुपारी दोनच्या ठोक्याला, दादाने रेडिओ बाहेरच्या खोलीत आणून टेबलावर ठेवला आणि मला हाक मारली. बऱ्याच दिवसांनी त्याने ‘पंडित’ म्हटलं, म्हणून मी लगेच गेलो. त्याने मला समोरच्या खुर्चीवर बसवलं. माझ्या कोटाच्या खिशातलं स्टॉपवॉच त्याने आधीच काढून आणलं होतं. ते माझ्यापुढे ठेवून त्याने आवाज पुरता मोठा केला. टेबलावरचा पेला थरथरू लागला. स्वयंपाकघराचं दार वहिनीने आतून लावून घेतलं.

“मोज,” दादा म्हणाला.

मी स्टॉपवॉच हातात घेतलं.

“मोज. आता वर बोलायला कुणी नाही. सगळं निखळ आहे.”

मी बटण दाबलं. गाणं संपलं तेव्हा पुन्हा दाबलं.

“किती?”

“तीन मिनिटं एकोणचाळीस सेकंद.”

“लिही,” तो म्हणाला, आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली. पुढचं गाणं सुरू झालं होतं. चार वाजेपर्यंत तो माझ्या समोर हाताची घडी घालून बसला. सुट्टी दर आठवड्याला येते.